चुलीमागं एक हात

हे मी कुणालाच बोललेलो नाही. बायकोला नाही, लेकीला नाही, देवापुढं उभा राहिलो तेव्हाही नाही — देवापुढं तर मी दुसरंच काहीतरी मागत उभा राहायचो. आता बायको गेली. तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे पांगले, घर रिकामं झालं, आणि माझ्या ध्यानात आलं, की ज्या माणसापासून मी ही गोष्ट लपवत होतो ते माणूसच राहिलं नाही. मग आता लपवायची कुणापासून?

मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायला हात जड आहे. जोडाक्षर आलं की थांबतो. काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या — अक्षराचं म्हणतोय. बाकीचं सांभाळून घ्या असं मी म्हणत नाही.

तिचं नाव हौसा. ती असताना हे नाव मी तोंडानं घेतलं नाही, आमच्यात घेत नाहीत. 'अगं' म्हणायचं, नाहीतर 'शालनची आई'. शालन आमची लेक, एकुलती. आता हौसाचं नाव घेतो. ओ द्यायला कोणी नाही, म्हणून घेता येतं.

कुठून सुरू करू? पाण्यापासून करतो.

आमचं गाव तासगावच्या बाजूचं. नाव घालत नाही. गावानं काही केलेलं नाही, केलं ते मी. आता तिकडं द्राक्षाच्या बागा झाल्या, बेदाण्याची शेडं झाली. त्या काळी ओढ्यावर एक दगडी बंधारा होता आणि त्यातून निघालेला एक पाट. पाटाच्या तोंडाला लाकडी फळी. फळी उचलली की पाणी रानात जायचं, टाकली की थांबायचं. ती फळी माझ्या ताब्यात. मी गावचा पाटकरी, माझ्या आधी माझा बा पाटकरी. पाणी पाळीनं मिळायचं — आज वरच्या आळीची पाळी, उद्या खालच्या आळीची. वरच्या आळीत मोठी रानं, खालच्या आळीत तुकडे. पण पाळीत लहानमोठं नव्हतं. घरात मयत झालं तरी पाळी मोडत नव्हती. चारजण मसणात जायचे आणि एकजण पाणी पाजायला रानात. 'ज्ञानू म्हणेल ती पाळी' असं लोक बोलायचे. हे फुशारकीनं सांगत नाही. विश्वास होता म्हणूनच तर पुढचं जमलं.

पाटाच्या कडेला गायरानाचा एक तुकडा होता. काळी जमीन, पाण्याच्या उशाला. तिथं मी हळद लावायचो. जमीन माझी नव्हती, गावाची होती. पण पाटकरी उन्हातान्हात पाट सांभाळतोय, चार वाफे लावतोय, त्याला कोण काय म्हणणार? बा लावायचा तेव्हा तो म्हणायचा, 'गावाच्या रानात लावतोय.' मी 'माझ्या रानात' म्हणायला लागलो. कधीपासून? ते मलाही सांगता येणार नाही.

स्वराज्य येऊन एखाद-दुसरी सुगी झाली असेल. गावात शाळा चौथीपर्यंत, मारुतीच्या देवळात भरायची. चौथीनंतर पोरांनी लांब तासगावला जाऊन राहायचं, आणि पोरींनी शेण भरायचं. तेवढ्यात शाळेच्या बोर्डाकडून निरोप आला, की तुमच्या गावाला सातवीपर्यंतचे वर्ग देतो, मास्तर देतो. पण शाळेची इमारत आणि तिचा दरसालचा खर्च गावानं आपल्यावर पट्टी बसवून उचलायचा, आणि तसं बैठक घेऊन ठरवायचं. आमचं आणि नदीपलीकडचं, या दोन गावांपैकी एकालाच ती मिळणार होती. आम्ही नाही म्हटलं तर ती नदीपलीकडं जाणार, हे ठरलेलं.

शालन तेव्हा चौथीत होती. मास्तर म्हणायचे, पोरगी हुशार आहे. सातवी पास झालेल्याला त्या काळी 'फायनल झाला' म्हणत, आणि फायनल झालं की मास्तर होता यायचं. हौसानं एकदा तासगावच्या बाजारात एक मास्तरीण बघितली होती. पायात चप्पल, खांद्याला पिशवी, आणि कापडदुकानदार तिला म्हणाला, 'बाई, बसा.' हे हौसानं मला किती वेळा सांगितलं असेल! "आवं, 'बसा' म्हणला त्यो तिला. आपल्याला जलमात कुणी 'बसा' म्हणलंय का?" भाकरी थापताथापता म्हणायची, मध्येच थांबायची, आणि शालनकडं बघायची.

शाळेसाठी गावात फिरले ते गणूनाना. खालच्या आळीतले, माळवं म्हणजे भाजीपाला पिकवणारे, वयानं मोठे. दारोदार गेले. वरच्या आळीत त्यांची टरच उडाली. पट्टी जमिनीवर बसणार, मोठ्या रानावर मोठी बसणार — मग त्यांना शाळा कशाला हवी? वरच्या आळीचे आबा म्हणाले, "नाना, पोरानं नांगर धराय सातवी कशाला लागती? बैल काय हजेरी घेतोय व्हय?" सगळे हसले. नानाही हसले आणि म्हणाले, "बैल न्हाई घेत आबा, पर सावकार घेतोय." मग कोणी हसलं नाही.

जागेचं निघालं तेव्हा नानांनीच गायरानातला पाटाकडचा तुकडा सुचवला. सपाट आहे, पाणी जवळ आहे. चारचौघांत माझ्या पाठीवर थाप मारली. "ज्ञानू काय आडवा येतोय व्हय! त्याचीच पोरगी शिकणार हाय की रं!"

मी हसलो. हसलो, हे पक्कं आठवतंय. तोंडानं 'नको' म्हणालो असतो तर निदान नानांनी चार शिव्या दिल्या असत्या, गावात शोभा झाली असती, आणि गोष्ट तिथंच मिटली असती. पण उघड 'नको' म्हणायला छाती लागते. ती मला नव्हती.

आता बैठकीची रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. जत्रेची पट्टी असो, देवळाची असो, आमच्यात चुलीमागं एक हात. घरात दहा माणसं असली तरी चूल एक, म्हणून हात एक. आणि गावातल्या अर्ध्या चुली तरी देवळात आल्या पाहिजेत. नाही आल्या तर बैठक मोडली. मोडली म्हणजे ठरलंच नाही काही. बोर्डाच्या साहेबांनीही तीच रीत मान्य केली होती.

हौसाला मी हे घरी सांगितलं, तर ती फुकणी खाली ठेवून माझ्याकडं बघतच राहिली. "आवं, चुलीम्होरं बसते मी, धूर खाते मी, न् हात तुमचा?"

"रीत हाय," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या मग रीत. पर माझा हात समजून वर करा. कराल न्हवं?"

"व्हय," म्हणालो.

त्या दोन-तीन दिवसांत मी काय विचार केला, ते खरं सांगतो. लेकीचा विचार केला नाही असं नाही. केला. पण हळद उभी होती, पानं पिवळी पडायला लागली होती, महिन्याभरात काढणीला येणार होती. आणि पुढच्या साली? त्याच्या पुढच्या? तिथं भिंती उभ्या राहणार. मी वाफ्यांवरून चालायचो आणि प्रत्येक वाफ्याला मला भिंत दिसायची. वरची आळी बैठकीला फिरकणार नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यांना विरोध करायलाही यायचं कारण नव्हतं — घरी बसलं की झालं. शाळा पाहिजे असलेल्यांना मात्र घर सोडून यावं लागणार होतं. अर्ध्या चुली भरायच्या त्या खालच्या आळीनंच. खालची आळी आली तर शाळा होणार. नाही आली तर?

आणि खालची आळी रानात कधी अडकते, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

पौषातला दिवस. गहू पोटरीत आला होता, पाण्याला आसुसलेला. त्या दिवशी पाळी वरच्या आळीची, खालच्या आळीची दुसऱ्या दिवशी. म्हणूनच नानांनी बैठक त्या दिवशी धरली होती — आपली माणसं मोकळी असतील म्हणून. आणि मी सकाळी फळी उचलली आणि पाणी खालच्या आळीला सोडलं.

एवढंच केलं. कुणाला मारलं नाही, कुणाला दमदाटी केली नाही. लाकडाची फळी वीतभर वर उचलली.

पाणी पाटात वाजायला लागलं, तशी खालच्या आळीची माणसं फावडी घेऊन पळत सुटली. पाणी आलं की माणूस रान सोडत नाही. एका वाफ्याचं दार मोडायचं, दुसऱ्याचं धरायचं. क्षणभर नजर हलली तर पाणी फुटून दुसऱ्याच्या रानात. नाना धापा टाकत बंधाऱ्याकडं आले. "आरं ज्ञानू, पाळी उद्याची न्हवं का रं? आज बैठक हाय गड्या!"

मी म्हणालो, "बंधारा भरून वाहतोय नाना. एवढ्या जोरात वरच्या आळीचे बांध फुटत्याल, पाणी वाया जाईल. वरच्या आळीला उद्या देतो."

नानांनी माझ्याकडं बघितलं. बंधाऱ्याकडं नाही बघितलं — माझ्याकडं बघितलं, आणि त्यांना ते पुरलं. "तू म्हंतोस तर आसंल," म्हणाले आणि वळले.

आबांना सांगायला गेलो, आज तुमची पाळी उद्यावर टाकलीय म्हणून, तर ते मिशीत हसले. कळलं असेल का त्यांना? असेल. पण त्यांनी मला शिकवलं नव्हतं, काही देऊ केलं नव्हतं. हे कुणाच्या सांगण्यावरून झालं असं तुम्हाला वाटायला नको. डोकं माझंच.

दुपारी देवळात गेलो. कोण आलं होतं? ज्यांना रान नव्हतं ते. सुतार आले होते, मुलाणी आले होते, मास्तर होते. आणि बायजाक्का — नवरा नाही, पोर नाही, चार घरची धुणी धुणारी. ती सरळ पुरुषांच्या रांगेत येऊन बसली. कुणीतरी म्हणालं, "बायजे, तुझं काय हितं?" तर म्हणाली, "चूल हाय न्हवं माझी? नुसती धुपती, पर हाय. मग हात बी हाय." बैठक बघायला आलेले बोर्डाचे साहेब हसले आणि म्हणाले, बसू द्या.

नानाही आले. पाणी तसंच सोडून आले. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात फावडं. त्यांच्या वाट्याचं पाणी पुढच्या रानात गेलं, आणि त्या साली त्यांचा गहू चिपाडासारखा झाला. त्यावरून ते मला एका शब्दानं बोलले नाहीत.

चुली मोजल्या. थोडक्यात कमी पडत होत्या. अगदी थोडक्यात — पाचसहा माणसं वर आली असती तरी भागलं असतं.

बायका देवळाबाहेर पारापाशी उभ्या होत्या. त्यांतून हौसा पुढं आली, खांबाआड उभी राहून मला म्हणाली, "आवं, फळी टाका की! जावा पटकन. पाणी थांबलं तर समदी येत्याल."

तिला दोन शब्दांत सुचलं ते. आणि खरंच, फळी टाकली असती तर पाट घटकेत आटला असता आणि माणसं मोकळी झाली असती. अजून वेळ होता. सकाळी केलं ते निस्तरायला देवानं मला एक माणूस पाठवलं, आणि तेही माझ्याच घरचं.

मी म्हणालो, "पाळी मोडता येत न्हाई."

सकाळीच मोडलेली पाळी.

 तिनं पदर खोचला आणि पळत सुटली. तिच्यामागं अजून दोघीतिघी गेल्या. रानाकडं जायची वाट बंधाऱ्यावरनंच जाते. नंतर लोकांनी सांगितलं, की ती बांधाबांधावर उभी राहून ओरडत होती, "दाजी, तुमी देवळात जावा, दारं मी धरते! जावा म्हंते न्हवं!" एकाच्या हातातलं फावडं तिनं हिसकावून घेतलं. पौषातल्या गार पाण्यात उभी राहून माझ्या बायकोनं दुसऱ्याच्या रानाला पाणी पाजलं — कशासाठी, तर एक हात देवळात जावा म्हणून.

इकडं साहेबांची गाडी चुकत होती. ते म्हणाले, आलेत तेवढ्यांचं मत तरी बघू. हात वर झाले. माझाही झाला. सगळ्यांच्या आधी झाला म्हणतात. 'नको' म्हणणारा देवळात एकही नव्हता. साहेबांनी मान हलवली. म्हणाले, एकजणही विरोधात नाही, आणि तरी मला हे धरता येत नाही. छकड्यात बसले आणि स्टेशनकडं गेले. छकडा वेशीबाहेर पडला, तेव्हा खालच्या आळीचे पहिले दोघं-तिघं चिखलाच्या पायांनी देवळाच्या पायऱ्या चढत होते.

दुपारी वर केला तो हात तिचा होता. तिनंच सांगितला होता तो. सकाळी फळी उचलली तो माझा.

शाळा नदीपलीकडं गेली. मुलगे जायचे पोहत, कधी नावेनं. शालन चौथी पास होऊन घरी बसली. पाटी तिनं बरेच दिवस उतरंडीमागं ठेवली होती, मग एक दिवस हौसानं ती भाकरीच्या पिठावर झाकण म्हणून घेतली. चार वर्षांनी शालनचं लग्न झालं. तिला लावली ती हळद त्याच तुकड्यातली. घरची हळद म्हणून बायकांनी कौतुक केलं. रंग बघा, म्हणाल्या. मी मांडवात उभा होतो आणि ऐकत होतो.

गावात माझं नाव राहिलं ते वेगळंच. 'ज्ञानूनं सगळ्यांआधी हात वर केला हुता.' नाना गेले तोपर्यंत हेच सांगायचे. मी कधी 'तसं नाही' म्हणालो नाही. पन्नास वर्षं दुसऱ्याचा सदरा घालून फिरावं, तसं ते बोलणं अंगावर घालून फिरलो.

यंदा हौसाला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं. शालन जवळ होती. गोळ्यांची पाकिटं आली की शालन ती उलटसुलट करायची, इंग्रजी अक्षरावरनं बोट फिरवायची आणि मग उठून नर्सबाईला विचारायला जायची. येताना हसायची — 'मला कुठं वाचता येतंय.' हौसा उशीवरनं बघत होती. एकदा म्हणाली, "शालन, तुजं शिकायचं ऱ्हाऊन गेलं बाई. पर तुज्या बानं हात वर केला हुता, बरं का. माझा हात समजून केला हुता." आणि माझा हात धरला. उजवा.

तेव्हा तरी बोलावं की नाही? लेक समोर होती, बायको समोर होती, तोंड मला होतं. मी पेल्यात पाणी ओतलं आणि तिला पाजलं.

एक सांगायचं मागं ठेवलं होतं. ते सांगतो आणि थांबतो.

शालनचं लग्न झाल्यावर एकदोन वर्षांत, आम्ही दोघं अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसलो होतो. काही विषय नव्हता. हौसानं वर न बघता विचारलं, "त्या दिशी बंधारा खरंच भरला हुता का वो?"

ती त्याच्यावरनं पळत गेली होती. बंधारा भरून वाहिला की वरचे दगड दोन दिवस ओले राहतात. ते दगड कोरडे होते. त्यावर पाय देऊन गेलेल्या बाईला दिसलं नसेल? मी म्हणालो, "व्हय." ती म्हणाली, "आसंल." पुन्हा कधी विचारलं नाही. शेंगा तोडत राहिली. तिला ठाऊक होतं आणि तरी मिरजेत तिनं तो हात धरला, की तिनं माझ्या 'व्हय'वर जन्म काढला — हे मला कळायला आता वाट नाही.

आता चूल मीच पेटवतो. भाकरी करपते. चूल एक, माणूस एक.

शालन, तू हे वाचशील. चौथीपर्यंतचं तुला पुरेल असं सोपंच लिहिलं आहे.

हौसा, बंधारा भरला नव्हता.